पांढऱ्या रेघेचा दगड

मी एका माणसाचा धार लावायचा दगड बिघडवला आणि नंतर त्याच दगडाबद्दल त्याच्याशी खोटं बोललो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ऐकणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल, हेही एक कारण असेल. वीतभर लांब आणि चार बोटं रुंद दगड, त्याचं एवढं काय. पण माझ्या त्या एका शब्दापायी एका कसबी माणसाचं काम सुटलं, एका बाईचं माहेर तुटलं आणि मी अजून त्याच शेडमध्ये, त्याच माणसाच्या बाकड्यावर बसून पोट भरतो आहे.

आमची शेड रत्नागिरीतून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याला, खाडीवरचा पूल यायच्या आधी. दारं, खिडक्या, देव्हारे, कधीमधी एखादा झोपाळा. मालक वारल्यावर त्यांच्या बायकोने धंदा हातात घेतला. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. कोकणात सुतारकाम करणारा प्रत्येक जण मेस्त्री. त्या हिशेबाने मीही मेस्त्रीच. पण शेडमध्ये नुसतं ‘मेस्त्री’ म्हटलं की ते एकटेच. म्हणून इथेही त्यांना तेवढंच म्हणतो.

उंच, वाळके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा. भुशात दिवस काढणारा माणूस पांढरा सदरा घालतो हेच मुळात विचित्र, आणि संध्याकाळी घरी जाताना तो सकाळइतकाच पांढरा असायचा. आम्ही बाकीचे दुपारपर्यंत पीठगिरणीतून आल्यासारखे दिसायचो. डबा खाताना ते भिंतीकडे तोंड करून बसत. का, म्हणून मी एकदा विचारलं.

“जेवताना माणसाचं तोंड बघण्यासारखं नसतं. तुझंपण नाय, माझंपण नाय.”

बिस्किटांच्या एका जुन्या चौकोनी डब्यात त्यांचे तीन दगड असत, प्रत्येक वेगळ्या फडक्यात. त्या डब्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मी नवीन असताना एकदा सहज दगड मागितला. ते म्हणाले, “माझा दात घासायचा ब्रश देऊ काय?”

दगडांना नावं होती. कुरुंदाचा खरबरीत, पाण्यावर चालणारा तो ‘हवालदार’. बाजारात मिळतो तो तेलाचा दगड, त्यावर रॉकेलचे दोन थेंब टाकायचे, तो ‘मास्तर’. आणि तिसरी ‘बाय’. ती विकतची नव्हती. त्यांच्या वडिलांना राजापूरला अर्जुना नदीच्या पात्रात मिळालेला तो दगड. शाळेच्या पाटीसारखा काळसर निळा, गालासारखा गुळगुळीत, आणि एका अंगाला आडवी गेलेली पांढरी रेघ, आरपार. बायवर तेल नाही, रॉकेल नाही, फक्त थुंकी किंवा पाण्याचा थेंब.

“हवालदार मारतो, मास्तर वळण लावतो, बाय समजूत घालते,” मेस्त्री म्हणायचे. “तिघांच्या हातून गेली की पटाशी शहाणी होते. एकाकडेच ठेवली तर वाया जाते.”

दगडावर पटाशी, म्हणजे आमची लाकूड कोरायची छिन्नी, असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम. कुणी बोललंच तर ते शिव्या देत नसत, ओरडत नसत. शांतपणे पटाशी पुसायचे आणि पुन्हा हवालदारापासून सुरुवात करायचे. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतले एक साहेब जेवणाचं टेबल सांगायला आले होते. “किती दिवस लागतील?” साहेबांनी विचारलं. मेस्त्रींनी बाय फडक्यात गुंडाळली, हवालदार काढला. साहेबांना वाटलं ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा हवालदार. तिसऱ्यांदा मेस्त्रींनी मान वर केली.

“साहेब, तुमी असेच बोलत ऱ्हायलात तर ही पटाशी संपेल. टेबल नाय होणार.”

वहिनींनी कपाळावर हात मारला. साहेबांनी मात्र टेबल त्यांच्याकडूनच करून घेतलं. सगळे घेत. काम तसं होतं त्यांचं.

आणखी एकदा एक निवृत्त गृहस्थ विलायती पटाश्यांचा नवा संच घेऊन आले, धार लावून द्या म्हणाले. मेस्त्रींनी एक हातात घेऊन उलटसुलट केली, नखावर टेकवून बघितली आणि विचारलं, “कशाला लागते?”

“काही नाही हो, रंगाचे डबे उघडायला वगैरे.”

मेस्त्रींनी संच त्यांच्या पिशवीत परत ठेवला आणि आपल्या खणातला एक मोडका स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला. “हा घेऊन जा. तिचा तळतळाट घेऊ नका.”

या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. मीही हसत सांगत आलो. पण रोज त्या माणसाच्या शेजारच्या बाकड्यावर बसायचं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

मी आलो तो मुंबईत चौदा वर्षं फर्निचरच्या ठेकेदाराकडे काढून. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत यावं लागलं. आल्या दिवशी मी माझ्या पटाश्या बाकड्यावर मांडल्या. मेस्त्री उठून आले. एक उचलली, पात्याचं टोक उजेडाकडे धरलं.

“ह्या काय?”

“पटाशी.”

“निळी कशी? शिमगा खेळून आली काय?”

“मशिनवर धार लावली होती. ग्राइंडरवर.”

“पाणी उतरलंय तिचं,” ते म्हणाले. लोखंड तापवून थंड करताना त्याला जो कडकपणा येतो त्याला आम्ही पाणी म्हणतो. मशिनवर जास्त दाबलं की पातं निळं पडतं आणि पाणी जातं. “ही लोणी कापेल. तेपण उन्हातलं.”

सगळे हसले. संध्याकाळी बघतो तर पटाश्या जागेवर नाहीत. दोन दिवस मेस्त्री हवालदारावर बसून होते. निळा भाग पुरता झिजवून, खालचं चांगलं पोलाद बाहेर काढून, तिन्ही दगडांवरून नेऊन त्यांनी त्या माझ्यासमोर ठेवल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं.

“तुझ्यासाठी नाय केलं. माझ्या शेजारी असली घाण नको.”

मी आजतागायत इतकी चांगली धार दुसऱ्या कुणाच्या हातची बघितलेली नाही. आणि त्या माणसाचा इतका राग मला त्याआधी दुसऱ्या कुणाचा आला नव्हता.

पुढे त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा माझं चुकलेलं त्यांना बघवत नसे, म्हणून ते माझा हात धरत. पटाशीला दोन अंगं. सपाट ती पाठ, उतरतं ते तोंड. पाठ मास्तरवर घासायची, तोंड शेवटी बायवर. ते मला डोळे मिटायला लावत.

“मीट. डोळा खोटं बोलतो. बोटाला विचार.”

मला ते साधुबुवांचं तत्त्वज्ञान वाटायचं. धार तपासायला सगळे सुतार हातावरचे केस काढतात, तसे तेही काढत. त्यांचा डावा हात नवऱ्यामुलाच्या गालासारखा, उजवा अस्वलाचा. पण नंतरनंतर ते केस काढेनासे झाले. पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा एक तुकडा ठेवला होता, त्याच्या आडव्या कापलेल्या टोकावर पटाशी चालवायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. धार बरोबर असली तर आवाज येत नाही, ते सांगायचे. मी ते विक्षिप्तपणाच्या यादीत टाकलं.

बाय मधोमध खोल गेली होती. वडिलांचा हात, मग यांचा, अशी सत्तर-पाऊणशे वर्षं एकाच वाटेने घासून तिला तळहातासारखा खळगा पडला होता. दगड असा असू नये. दगड सपाट पाहिजे, हे कुणीही सांगेल. मी मोबाइलवर व्हिडिओ बघत असे. परदेशातले कारागीर दर आठवड्याला दगड घासून आरशासारखा सपाट करतात. मी ऑनलाइन हिऱ्याच्या कणांची एक लोखंडी पाटीही मागवली होती. दगड तिच्यावर घासला की सपाट होतो.

“मेस्त्री, तुमची बाय सपाट करायला हवी. तोंड गोलसर होतं ना पटाशीचं.”

“होऊ दे.”

“तसं बरोबर नाही ना पण.”

“मुंबईकर,” ते म्हणाले. सात वर्षं झाली तरी मी मुंबईकरच होतो, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. “तुझा दगड तुझ्यासारखा. माझा माझ्यासारखा. जा, कामाला लाग.”

आता जे लिहितो आहे ते नीट लिहायला हवं.

तोवर शेडमधलं काम निम्म्यावर आलं होतं. लोक तयार दारं आणतात, प्लायवूडचं स्वयंपाकघर दोन दिवसांत बसवून घेतात. कामावरचे दोघे जण सुटले, मी आणि मेस्त्री उरलो. अशात पावसच्या एका बागायतदाराने नव्या घरासाठी देव्हारा सांगितला. फणसाच्या लाकडाचा, माणसाच्या उंचीचा, दारांना कोरीव जाळी. वहिनींनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

“दोघांनी जाळीची एकेक फळी करून दाखवा. ते येऊन बघतील. ज्याची पसंत पडेल त्याने देव्हारा करायचा.” मग म्हणाल्या, “आणि खरं सांगते, यानंतर मला दोन कारागीर पोसवणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका.”

मेस्त्री म्हणाले, “वाईट कसलं. हात दिसूदे त्यांना.”

माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. वडील होतेच अंथरुणात. हे कारण म्हणून सांगत नाही. सांगतो, कारण त्या दिवसांत मी ते रोज स्वतःला कारण म्हणून सांगत होतो.

आणि मला एक गोष्ट कळली होती. मेस्त्री पेन्सिल वापरत नसत. पूर्वी वापरत, कानावर खोचलेली मी पाहिली होती. आता ते लाकडावर सुरीच्या टोकाने रेघ ओरखडायचे आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. चहाचा ग्लास घेताना हात आधी बाकडं चाचपायचा. एकदा मी खिळा पुढे केला तर त्यांनी माझ्या हाताच्या चार बोटं बाजूला हात नेला आणि मग खोकल्याचं निमित्त केलं. त्यांची नजर जात होती. कधीपासून जात होती कोण जाणे. डोळे मिटून धार लावायची ती त्याचीच तालीम असणार. बायच्या त्या खळग्यात पटाशी टेकवली की ती आपोआप आपल्या उताराला बसायची. घरातल्या अंधारात माणूस जिना उतरतो तसा त्यांचा हात तिथे उतरायचा.

मला हे माहीत होतं. पुरतं नसेल, पण होतं.

त्याच आठवड्यात ते राजापूरला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आले. लग्नाला जाताना ते बाय पिशवीत घेऊन जात. लग्नघरात भाजी चिरणाऱ्या बायका त्यांच्यासमोर विळ्या आणून ठेवायच्याच, आणि मांडवाच्या कडेला बसून विळ्यांना धार लावण्यात त्यांना नवरा-नवरीपेक्षा जास्त रस असायचा. परत आले आणि बाय डब्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी त्यांना घेऊन वखारीत गेल्या, फणसाच्या फळ्या निवडायला. मेस्त्री फळ्या वासावरून निवडत. शेडमध्ये मी एकटा. मी दाराला कडी घातली, डबा उघडला आणि बाय काढली.

आधी शहाबादी लादीवर वाळू आणि पाणी घालून घासली, मग हिऱ्याच्या पाटीवर. काळंनिळं गढूळ पाणी हातावरून कोपरापर्यंत आलं. दोन तास लागले. खळगा गेला. मग व्हिडिओत दाखवतात तशी पाठही सपाट केली, कडा मारल्या. एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, तोही गेला. दगड पूर्वीपेक्षा बोटभर पातळ आणि हातात हलका झाला. कसा सुरेख दिसत होता. पांढरी रेघ तेवढी तशीच राहिली, कारण ती आरपार होती.

मी त्यांचं भलंच करतो आहे, असं मी त्या दोन तासांत मनाशी म्हणत होतो. दगड सपाट पाहिजे. चुकीचं काय त्यात? भलं करणारा माणूस दाराला कडी घालत नाही.

सकाळी मेस्त्री आले. जाळीची फळी बाकड्यावर बांधली, बारीक पटाशी काढली. हवालदार नको होता, मास्तरवर पाठ घासली. बाय ओल्या गोणपाटावर ठेवली, थुंकीचा थेंब सोडला आणि पटाशी टेकवली.

हात थांबला.

मी माझ्या फळीवर वाकलो होतो. हातोडी मारत होतो, पण पटाशी लाकडावर नव्हती.

त्यांनी पटाशी उचलून परत टेकवली. मग ती बाजूला ठेवून दगडावरून तळहात फिरवला. उलटा केला, पाठ चाचपली, कोपरे एकेक करून बोटाने मोजले, हातावर तोलला. जिभेचं टोक लावून बघितलं. मग धार लावताना कधी न बोलणारा तो माणूस बोलला.

“अरे मुंबईकर.”

“काय मेस्त्री?”

“इकडे ये जरा. मला आज उजेड कमी वाटतोय.”

शेडचं दार सताड उघडं होतं. खाडीवरून येणारं ऊन थेट त्यांच्या बाकड्यावर पडलं होतं.

“ह्याच्यावर पांढरी रेघ आहे काय बघ. आडवी.”

मी दगड हातात घेतला. थुंकीने ओला झालेला होता, त्यामुळे रेघ चकाकत होती. आहे म्हटलं तर हा दगड त्यांचाच. मग तो सपाट कुणी केला? शेडमध्ये आम्ही दोघंच. हिऱ्याची पाटी माझी.

“नाही,” मी म्हणालो. “रेघ नाही यावर.”

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

“मग लग्नघरात बदलली,” ते म्हणाले. “त्यांची आली, माझी तिकडे ऱ्हायली.”

त्या दिवशी त्यांनी कामाला हात लावला नाही. फळी तशीच ठेवून, दगड पिशवीत घालून दुपारच्या एसटीने राजापूरला गेले. वहिनी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या. “अहो मेस्त्री, एका दगडापायी? परवा माणसं यायचीत बघायला!” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

राजापूरला काय झालं ते त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं. मेव्हणा म्हणाला, आमच्याकडे कसला आलाय दगड, आम्ही सुरी कपबशीच्या बुडाला घासतो. मेस्त्री म्हणाले, मग हा कुणाचा? शोधायला लागले. मांडवाचं सामान, चुलाण्याची जागा, पाहुण्यांच्या पिशव्यासुद्धा. दुसऱ्या खेपेला त्यांनी व्याह्यांकडे चौकशी केली, नव्या नवरीच्या सासरी. तिथे मेव्हण्याचा तोल गेला. “माझ्या पोरीच्या सासरी जाऊन आमाला चोर ठरवतोस? दगडाचे चोर? बहिणीला सांग, ह्या घरात परत पाय ठेवू नको.” मेस्त्रींच्या बायकोला, आम्ही त्यांना काकी म्हणतो, तो एकच भाऊ.

बागायतदार आला तेव्हा बाकड्यावर माझी एकट्याची फळी होती. मेस्त्रींनी आदल्या दिवशी मास्तरच्या धारेवर थोडी जाळी कोरायचा प्रयत्न केला होता. फणसाचे तंतू उचकटले. त्यांनी ते बोटाने चाचपलं, फळीवर फडकं टाकलं आणि वहिनींना म्हणाले, “नाय जमत. दुसऱ्याच्या दगडावर माझा हात चालत नाय.”

देव्हारा मी केला. चांगला झाला. लोक अजून फोटो मागतात.

“म्हातारपणी माणसं कशावर रुसतील, काय सांगावं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मेस्त्रींना थांबवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तेच थांबले नाहीत. जाताना बिस्किटांचा डबा काखेत मारून माझ्या बाकड्याशी आले. डब्यातून तिसरं फडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

“ही ठेव तुझ्याकडे. दुसऱ्याची वस्तू मी घरी नेत नाय. मालक आला तर दे.”

मी “बरं” म्हणालो.

पहिलं वर्षभर मी तो दगड वापरला नाही. फडक्यासकट खणात होता. मग माझा दगड फुटला आणि मी तो काढला. तेव्हापासून रोज वापरतो. फार चांगला दगड आहे.

याला आता अकरा वर्षं झाली. मेस्त्री पावसच्या अलीकडे त्यांच्या गावी असतात. डोळे पूर्ण गेले. मे महिन्यात मी एक दिवस जातो, काकींच्या विळ्यांना आणि कोयत्यांना घरातल्याच हवालदार-मास्तरवर धार लावून देतो. गावातले लोक म्हणतात, हल्ली एवढं कोण करतं. मेस्त्री ओटीवर बसून ऐकतात. “उजवीकडे जास्त दाबतोस,” एवढं म्हणतात. अजूनही पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. आणि दर खेपेला एकदा तरी विचारतात, “राजापूरहून काय कळलं काय रे?” मी नाही म्हणतो. त्या घरात नाही म्हणायची मला सवय झाली आहे.

गेल्या मे महिन्यात त्यांनी आधी निरोप धाडला होता: ती दुसऱ्याची अजून तुझ्याकडे असली तर घेऊन ये. मी नेली. का नेली? विसरलो असं सांगून टाळता आलं असतं. कदाचित पकडलं जावं असं मला वाटत असेल. तेवढंही धड धाडस नव्हतं म्हणा.

मेस्त्रींनी दगड मांडीवर घेतला. अंगठा फिरवला. आणि हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

“हात पडलाय तुझा हिच्यावर. खळगा यायला लागला.”

“होय मेस्त्री.”

“सपाट नाय केलास?”

“नाही.”

“नको करू. माझी अशीच होती.” मग अंगठा पुन्हा फिरवत, “रेघ तेवढी होती तिला. पांढरी.”

काकी विळ्या घेऊन बाहेर आल्या. पाण्याचा तांब्या होता त्यांच्या हातात. त्यांनी दगड नवऱ्याच्या मांडीवरून उचलला, माझ्यापुढे ठेवला आणि मला सोपं जावं म्हणून त्यावर पाणी ओतलं.

कोरडा असला की तो दगड सगळा राखाडी दिसतो. पाणी पडलं की रेघ दिसते.

काकी वाकल्या होत्या, तशाच राहिल्या. अकरा वर्षं त्या घरात त्या पांढऱ्या रेघेचं नाव रोज निघत आलं आहे. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मेस्त्री खळ्याच्या दिशेला तोंड करून बसले होते, चेहऱ्यावर मघाचं हसू अजून थोडं उरलेलं.

काकींनी पदराने दगड पुसला. परत परत पुसला, कोरडा होईपर्यंत.

“माझा भाऊ गेला,” त्या म्हणाल्या. “मागच्या श्रावणात. मी गेले नाय. बोलावलंच नाय कुणी.”

“मला माहीत नव्हतं, काकी.”

“तुला कसं असणार.” त्या उठल्या. “चहा टाकते. ह्यांच्यात साखर नसते, तुला चालते ना?”

मी तीन विळ्यांना धार लावली. कोरड्याच दगडावर, पाणी घेतलं नाही. चहा प्यायलो. निघताना मेस्त्री म्हणाले, “मालक आला तर दे हां ती.” काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं नाही, हे मला परतीच्या वाटेवर पुलाशी आल्यावर नीट कळलं. त्यांनी ते सांगणं माझ्यासाठी ठेवलं आहे.

वर्ष होत आलं. दगड माझ्या समोर आहे. तो मेस्त्रींचा आहे, तो त्यांच्या हातात द्यायचा आहे, आणि देताना त्यावर पांढरी रेघ आहे असं सांगायचं आहे, काकींच्या समोर. एवढं माझ्याकडून देणं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.